पलंगाच्या काठावरची दोन मिनिटं

ग्लेंडा सग्डनचा दिवस पावणेपाचला सुरू व्हायचा. गजर पाचाचा लावलेला असे, पण गेल्या अकरा वर्षांत तिने तो वाजू दिला नव्हता. आधीच उठून ती त्याचं बटण दाबायची. चहा उभ्याने, पाव चालता चालता. निळा सदरा, वर पावसाळी कोट, पाठीला पिशवी. पिशवीत रबरी हातमोजे, प्लास्टिकच्या एप्रनांची गुंडाळी आणि स्वतःसाठी कोरड्या मोज्यांचा एक जोड.

हॅदरक्लफ या तिच्या गावात पहिली बस सहा वीसला सुटते आणि अर्नेस्ट बूथरॉइडला सहा वाजता उठवायचं असे. त्यामुळे ती चालत जायची. सव्वा मैल, सगळा चढ. चढावर बोलायचं नाही, नाकाने श्वास घ्यायचा, पाऊल पूर्ण टेकवायचं, ही तिची रीत. शिवाय ती दहा मिनिटं आधी निघे आणि वर पोचल्यावर अर्नेस्टच्या फाटकापाशी नुसती उभी राही. स्वतः धापा टाकणाऱ्या माणसाने दुसऱ्याला उठवू नये, असं तिचं मत होतं. म्हाताऱ्यांच्या घरी मदतनीस पाठवणाऱ्या तिच्या कंपनीच्या प्रशिक्षणात हे नव्हतं. तिथे अर्धा दिवस हात कसे धुवायचे ते शिकवलं होतं.

चालण्याचे पैसे नव्हते. पैसे दारातून आत गेल्यावर सुरू व्हायचे. प्रत्येक म्हाताऱ्याच्या घरी एक फाइल असे, तिच्या आतल्या बाजूला नाण्याएवढी चकती चिकटवलेली. आत गेलं की तिला फोन टेकवायचा, निघताना पुन्हा टेकवायचा. मधला वेळ नगरपालिका कंपनीला मोजून देई आणि कंपनी त्यातला काही ग्लेंडाला. दुपारपर्यंत तिची अशी आठ घरं होत. पहिलं घर अर्नेस्टचं.

अर्नेस्टचं वय शहाऐंशी. बायको जाऊन नऊ वर्षं झालेली, मूलबाळ नाही, एक भाची शेजारच्या गावात. ती रविवारी यायची. बाकी सहा दिवस ग्लेंडा. त्याने अडतीस वर्षं नगरपालिकेच्याच रस्त्याच्या टोळीत काढली होती, दगडी फरशा बसवण्यात. एक फरशी पक्क्या दीड माणसाच्या वजनाची. टाउन हॉलपुढचं सगळं अंगण त्याच्या टोळीने केलं होतं आणि त्यातली एकही फरशी हलत नाही, हे तो नव्या माणसाला पहिल्या भेटीतच सांगे. फरशा हलल्या नव्हत्या. त्याचे गुडघे मात्र जागचे हलले होते.

त्याला उठवायची पद्धत ठरलेली. आधी दिवा. मग त्याला कुशीवर घ्यायचं, पाय खाली सोडायचे. काखेत हात घालून ओढायचं नाही, म्हाताऱ्याचा खांदा ओढण्याने जातो. पाठीमागे हात सपाट ठेवायचा आणि त्याचं त्यालाच उठू द्यायचं. तो पलंगाच्या काठावर बसला की पुढची दोन मिनिटं काहीही करायचं नाही.

या दोन मिनिटांवर सगळं अवलंबून होतं. अर्नेस्ट आडव्याचा बसता झाला की रक्त पायांत उतरे आणि डोकं गरगरे. तसाच उभा केला तर कोसळे. ग्लेंडा यायच्या आधीच्या हिवाळ्यात तो असा दोनदा पडला. दुसऱ्या वेळी कमरेचं हाड मोडलं आणि नऊ आठवडे दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरने स्पष्ट सांगितलं की आणखी एकदा पडलात तर घरी पाठवणार नाही, थेट वृद्धाश्रमात जाल. त्याला साडेतीन वर्षं झाली होती. तेव्हापासून ग्लेंडा रोज दोन मिनिटं घड्याळ पाहत उभी राही आणि साडेतीन वर्षांत अर्नेस्ट एकदाही पडला नव्हता.

"आलो का गं पोरी जमिनीवर?" तो डोळे मिटून विचारी.

"अजून नाही राजा. छतालाच आहात."

"मग छत कसंय?"

"पोपडे निघालेत."

मग डोळे उघडत, खोली जागेवर येई आणि तो उभा राही. मग धुणं-पुसणं, कपडे, मोजे, गोळ्या, अंडं आणि पाव. सगळं मिळून तीस मिनिटं. एकोणतीस कधी झाली नाहीत, एकतीसही नाही.

सप्टेंबरात नगरपालिकेच्या आरोग्य विभागाने सपातांची मोहीम काढली. घरात घालायच्या जुन्या, ढिल्या, टाच चेपलेल्या सपाता आणून द्या आणि नव्या घट्ट सपाता फुकट न्या. म्हातारी माणसं सपातांमुळे पडतात, पडली की हाडं मोडतात, हाडं मोडली की खर्च येतो, असा हिशोब होता आणि तो खोटा नव्हता. ग्लेंडाने आपल्या सुटीच्या रविवारी अर्नेस्टला चाकाच्या खुर्चीत घालून चर्चच्या हॉलपर्यंत ढकलत नेलं. त्याच्या सपाता चौकटीच्या कापडाच्या, अंगठा बाहेर आलेल्या. त्या देताना त्याला जरा वाईट वाटलं, कारण त्या बायकोने घेतलेल्या होत्या. आरोग्य विभागाच्या बाईने त्या चिमटीत धरून मोठ्या पिंपात टाकल्या आणि नव्या त्याच्या पायात घातल्या. जाड रबरी तळ, टाचेला पट्टा. माल चांगला होता, त्यात ग्लेंडाला खोट काढता येईना. चहा मिळाला, केक मिळाला, नगरपालिकेच्या माणसाने फोटो काढला. निघताना एका तरुण बाईने अर्नेस्टला काही प्रश्न विचारून कागदावर खुणा केल्या. वय, औषधं, आधी पडलात का, पायात काय घालता.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. ग्लेंडाने ते अर्नेस्टला वाचून दाखवलं. त्यात त्याचं अभिनंदन केलं होतं. पडण्याच्या धोक्याचे त्याचे गुण चौदा होते, योग्य पादत्राणांमुळे चार कमी होऊन ते दहा झाले. बारापर्यंत 'मध्यम धोका' समजला जातो. मध्यम धोक्याच्या माणसाला सकाळी अर्ध्या तासाची गरज नसते, म्हणून पुढच्या एक तारखेपासून त्याची भेट पंधरा मिनिटांची होईल. आपल्या वाढत्या स्वावलंबनाबद्दल आम्हाला आनंद आहे, असं खाली छापलं होतं.

अर्नेस्टने ते पत्र हातात घेतलं, उलटं करून मागची बाजू कोरी आहे ना ते पाहिलं.

"म्हणजे मी बरा झालो?"

"सपाता बऱ्या झाल्या," ग्लेंडा म्हणाली.

तिने नगरपालिकेला फोन लावला. तिथून सांगितलं की भेटीची लांबी मूल्यमापनाने ठरते आणि मूल्यमापन झालेलं आहे. पुन्हा मूल्यमापन कधी होईल, तर परिस्थिती बदलली की. परिस्थिती बदलणं म्हणजे काय, तर पडणं. मग तिने कंपनीत जॅनिसला विचारलं. जॅनिस कंपनीच्या ऑफिसात बसून सगळ्या मदतनिसांच्या फेऱ्या लावी. तिने सांगितलं की नगरपालिका जेवढी मिनिटं विकत घेते तेवढीच कंपनी विकते, आणि मान खाली घालून पुढचा फोन घेतला.

पहिल्या तारखेला ग्लेंडाने पंधरा मिनिटांत काय बसतं ते करून पाहिलं. दोन मिनिटं थांबणं तिने काढलं नाही. ते काढलं असतं तर निदान अंडं तरी उकळायला लागलं असतं. पण ती थांबली, मग धुतलं, कपडे घातले, आणि अंड्याचं पाणी गॅसवर असताना वेळ संपली. तिने नियमाप्रमाणे फोन टेकवला आणि पुन्हा गॅसपाशी गेली. साडेसहाला निघाली. असं चार दिवस केलं. पाचव्या दिवशी जॅनिसचा फोन. मदतनिसाचा फोन ती कुठे आहे ते सांगत असतो, आणि ग्लेंडा रोज पंधरा मिनिटं विनामोबदला, विनाविमा एका म्हाताऱ्याच्या स्वयंपाकघरात सापडत होती. शिवाय पुढच्या घरची बाई वाट बघत होती. लेखी ताकीद आली. आणखी एकदा झालं तर अर्नेस्टचं घर तिच्याकडून काढून दुसऱ्या मदतनिसाला देणार.

ती दुसरी कोण असेल ते ग्लेंडाला माहीत होतं. चांगली होती, कष्टाळू होती, दोन लहान मुलं मागे ठेवून यायची. पंधरा मिनिटांत पंधरा मिनिटांचं काम करायची. म्हणजे काखेत धरून उभा करायची.

तेव्हा ग्लेंडा देखरेख समितीकडे गेली.

या समितीत नऊ नगरसेवक. म्हाताऱ्यांची काळजी आणि लोकांचं आरोग्य, या दोन विभागांवर तिची देखरेख. विभागांनी काय केलं ते पाहायचं, प्रश्न विचारायचे, शिफारस करायची. स्वतः काही करायचं नाही. यातली शेवटची गोष्ट समिती फार कसोशीने पाळत असे. दर सहा आठवड्यांनी मंगळवारी दुपारी दोनला टाउन हॉलमध्ये बैठक. नागरिकाला बोलायचं असेल तर कामाचे तीन दिवस आधी दुपारी बाराच्या आत लेखी प्रश्न द्यायचा आणि मग तीन मिनिटं मिळत. ग्लेंडाने प्रश्न दोन घरांमधल्या वेळात हाताने लिहिला आणि हातानेच नेऊन दिला. कारकुनाने तो घेतला, घड्याळ पाहिलं, आणि अकरा पन्नास अशी वेळ घातली.

अर्नेस्टला यायचं होतं. पण त्या दिवशी पाऊस होता आणि खुर्ची ढकलून उतार उतरणं म्हणजे ब्रेक मनगटांनीच लावायचा. तिने नको म्हटलं.

"मग त्यांना सांग," तो म्हणाला, "मी बसवलेल्या फरशांवरून रोज आत जाता. मला घरातून दुसरीकडे न्यायचं असेल तर समोर येऊन सांगा म्हणावं."

"तुम्हाला कोणी कुठे नेत नाहीये."

"पडलो की नेतील. तुलाही माहितीये, मलाही माहितीये."

ग्लेंडाने त्या मंगळवारच्या दुपारची रजा टाकली. बिनपगारी.

सभागृहात लाकडी बाकं, भिंतीवर जुन्या महापौरांच्या तसबिरी, मधोमध बिस्किटांच्या बशा. अध्यक्ष हिलरी थ्वेटबाई, शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, प्रत्येकाला आधी थँक्यू म्हणून मग गप्प करणाऱ्या. पहिला विषय सपातांचाच होता. आरोग्य विभागाच्या संचालकबाईंनी पडद्यावर फोटो दाखवले. एका फोटोत पिंप होतं आणि पिंपात वरच चौकटीच्या कापडाची सपात ग्लेंडाला ओळखू आली. चारशे बारा जोड वाटले गेले होते. एका जोडामागे वर्षाला तीन वेळा पडणं टळतं, असं कुठल्याशा अभ्यासात निघालं होतं. म्हणजे बाराशे छत्तीस वेळा पडणं टळलं. एका नगरसेवकाने विचारलं, प्रत्येकाला दोन दोन जोड दिले तर टळणं दुप्पट होईल का. संचालकबाई म्हणाल्या की हा विचार करण्याजोगा मुद्दा आहे. कोणी हसलं नाही. त्या नगरसेवकाने स्वतःच्या वहीत काहीतरी लिहून घेतलं.

मग काळजी विभागाचे संचालक उभे राहिले. उंच गृहस्थ, आवाज मऊ. सपातांच्या यशामुळे एकसष्ट घरांतल्या भेटी गरजेच्या मापात आणता आल्या, असं ते म्हणाले. कमी केल्या असा शब्द त्यांनी वापरला नाही. वाचलेली मिनिटं गरजू लोकांकडे वळवली जातील, असंही म्हणाले. ते गरजू लोक कोण, ते कोणी विचारलं नाही.

मग थ्वेटबाईंनी ग्लेंडाचं नाव घेतलं. टेबलावर तीन दिव्यांचं एक खोकं होतं, हिरवा, पिवळा, लाल. ग्लेंडा माइकपाशी गेली. हातात कागद होता, तो तिने घडी करून खिशात ठेवला.

"मी ग्लेंडा सग्डन. अकरा वर्षं लोकांना सकाळी उठवायचं काम करते. मला तीन मिनिटं आहेत. त्यातली दोन मी काय करते ते दाखवते. ती दोन मिनिटं आता भेटीत बसत नाहीत."

आणि ती गप्प उभी राहिली. एक हात सपाट, समोर कोणाच्या तरी पाठीमागे असल्यासारखा धरलेला.

पहिली दहा सेकंदं सगळ्यांना वाटलं की ती शब्द शोधते आहे. थ्वेटबाई उत्तेजनार्थ हसल्या. विसाव्या सेकंदाला एका नगरसेवकाने माइक चालू आहे का ते हळूच विचारलं. तिसाव्याला एकाचं बिस्किट दातांत मोडलं आणि तो आवाज सभागृहभर गेला. तो चघळायचा थांबला. खोली गरम ठेवणारा रेडिएटर ठकठकत होता. कारकून नियमांचं पुस्तक उघडून बसला होता, गप्प राहणं हे बोलण्यात धरायचं की नाही ते शोधत. पिवळा दिवा लागला. काळजी विभागाचे संचालक खाकरले आणि कोणी काही म्हणेना म्हणून पुन्हा खाकरले. एवढा वेळ त्या सभागृहात काहीच न करता कोणी बसलं नव्हतं. म्हणजे हातात कागद नसताना.

"झालं," ग्लेंडा म्हणाली. "आता त्याचं डोकं थांबलं. आता तो उभा राहील आणि पडणार नाही. चांगली सपात असली तरी हे लागतं, कारण तो सपातांमुळे पडत नव्हता. मला पंधरा मिनिटं दिलीत. यातून काय काढू ते सांगा. हे काढू, धुणं काढू, का नाश्ता काढू? जे सांगाल ते उद्या सकाळी काढते."

लाल दिवा लागला.

सभागृहात खरंच काहीतरी झालं होतं. थ्वेटबाईंनी चष्मा काढून पुसला. त्यांनी ग्लेंडाचे आभार मानले आणि संचालकांकडे पाहिलं. संचालक म्हणाले की प्रत्येक भेट मूल्यमापनाप्रमाणे ठरते, एकेका व्यक्तीबद्दल बोलणं उचित नाही, आणि सपातांचे परिणाम सर्वश्रुत आहेत.

तेव्हा महमूद नावाचे नगरसेवक बोलले. तरुण होते, त्यांची आईही अशाच मदतनिसाच्या हाताने उठायची.

"ही दोन मिनिटं तुमच्या फॉर्मात कुठल्या रकान्यात येतात?"

संचालकांनी फॉर्म पाहिला, शेजारच्या बाईंना विचारलं. असा रकाना नव्हता. थांबणं ही स्वतंत्र क्रिया समजली जात नाही, असं ते म्हणाले.

मग समितीच्या जिवात जीव आला. रकाना नाही, म्हणजे करण्याजोगं काहीतरी सापडलं. पाऊण तास चर्चा झाली. रकान्याला नाव काय द्यावं, 'स्थिर होण्यासाठी विराम' की 'सुरक्षित संक्रमण', त्यात हो-नाही असावं की मिनिटं लिहावीत, तो वर असावा की खाली. महमूद मध्ये दोनदा म्हणाले की माझा मुद्दा वेळेचा होता. त्यांचा मुद्दा नोंदवून घेतला. शेवटी फॉर्मात आणि फोनच्या ॲपमध्ये नवा रकाना घालावा, अशी शिफारस एकमताने मंजूर झाली. ग्लेंडाच्या प्रभावी निवेदनाबद्दल समितीने टाळ्या वाजवल्या. बिस्किटांची बशी तिच्यापुढे आली.

बाहेर पडताना तिने कारकुनाला विचारलं, "आणि वेळ?"

"वेळ हा कार्यकारी मंडळाचा विषय आहे," तो म्हणाला. "समिती फक्त देखरेख करते."

ती टाउन हॉलसमोरच्या फरशांवरून चालत घरी गेली. पावसात त्या चकचकीत झाल्या होत्या आणि खरंच एकही हलत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला अर्नेस्ट जागाच होता. तिने दिवा लावायच्या आत त्याने विचारलं.

"काय म्हणाले?"

"एकमताने ठराव झाला," ग्लेंडा म्हणाली. हे खरं होतं.

"एकमताने?"

"टाळ्यासुद्धा वाजवल्या."

अर्नेस्टचा चेहरा असा खुलला की पुढचं सांगायला तिची जीभ रेटली नाही. त्याने अडतीस वर्षं ज्यांचं काम केलं त्यांनी त्याच्यासाठी हात वर केले होते. तो पलंगाच्या काठावर बसला, आणि गरगरत्या डोक्याने म्हणाला की नगरपालिका मूर्ख असते पण वाईट नसते. ग्लेंडा घड्याळ पाहत राहिली.

नवा रकाना महिन्याभरात आला. ॲप विचारी, 'स्थिर होण्यासाठी विराम घेतला का?' हो म्हटलं की सुरुवातीची वेळ विचारी, मग शेवटची वेळ, मग व्यक्तीने विरामाला संमती दिली का ते, मग शेरा. भरायला चाळीस सेकंदं लागत. भेट पंधरा मिनिटांचीच राहिली.

तोवर ग्लेंडा जॅनिससमोर जाऊन बसली होती. कंपनी खासगी भेटीही विकायची. ज्याला नगरपालिकेच्या मिनिटांच्या वर मिनिटं हवीत त्याने स्वतःच्या खिशातून घ्यावीत. त्याचं चकचकीत माहितीपत्रक होतं, वर एक हसरी म्हातारी आणि 'आपल्या माणसासाठी थोडं अधिक'. पंधरा मिनिटांना नऊ पौंड.

"अर्नेस्ट बूथरॉइड," ग्लेंडा म्हणाली. "सोमवार ते शनिवार. सव्वासहा ते साडेसहा."

"पैसे कोण भरणार? भाची?"

"भाचीकडे तीन मुलं आहेत. मी."

जॅनिसने पेन खाली ठेवलं. "आणि जाणार कोण?"

"मीच. नाहीतर कशाला?"

"म्हणजे तू आम्हाला नऊ पौंड देणार, आणि त्याच पंधरा मिनिटांचे आम्ही तुला तीन देणार."

"तीन पौंड पंधरा पेन्स."

"कर कापून किती राहतात ते माहितीये ना? अगं बाई, याला लोक वेडेपणा म्हणतात."

"त्याचा रकाना आहे का तुझ्याकडे?"

मदतनिसाने म्हाताऱ्यासाठी पैसे भरायचे नाहीत, असा कंपनीचा नियम होता आणि तो जॅनिसनेच टाइप केलेला होता. मग तिने फॉर्म पुढे ओढला आणि 'पैसे भरणाऱ्याचं नातं' या जागी 'कुटुंबाचे स्नेही' असं लिहिलं.

"पुढच्या घरच्या बाईला पावणेसातला लावते," ती म्हणाली. "आणि मला काही माहीत नाही."

तेवढे पैसे रोजच्या पगारातून निघण्यासारखे नव्हते. ग्लेंडाने बुधवारी आणि शुक्रवारी संध्याकाळची पाळी मागून घेतली. आता तिच्या कमरेला संध्याकाळी पट्टा लागे. तो ती निळ्या सदऱ्याच्या आत बांधी, म्हणजे म्हाताऱ्यांना दिसू नये. ती सव्वासहाला अर्नेस्टच्या एका पायात मोजा चढवून फाइलपाशी जाई, फोन टेकवून नगरपालिकेची भेट संपवी, पुन्हा टेकवून खासगी भेट सुरू करी आणि येऊन दुसऱ्या पायात मोजा चढवी. अर्नेस्टने एकदा विचारलं की हे दोनदा काय टेकवतेस. नवी पद्धत आहे, असं ती म्हणाली. नगरपालिकेच्या नव्या पद्धतींबद्दल त्याला पुढे काही विचारावंसं वाटलं नाही.

हिवाळा गेला. अर्नेस्ट पडला नाही.

मार्चमध्ये देखरेख समितीपुढे अहवाल आला. एकसष्ट घरांतल्या भेटी मापात आणल्या, तरी तिथल्या लोकांच्या पडण्याचं प्रमाण वाढलं नाही, असं त्यात होतं. त्यांतल्या सात जणांना मधल्या काळात वृद्धाश्रमात हलवलं होतं. ते आता स्वतःच्या घरात राहत नसल्याने त्यांना मोजणीत धरलं नव्हतं. उदाहरणादाखल एका चौकटीत 'श्री. ब., वय शहाऐंशी' यांची माहिती होती: योग्य पादत्राणं, पंधरा मिनिटांची भेट, नव्या रकान्यात रोज नियमित नोंद, सहा महिन्यांत एकदाही पडले नाहीत. महमूद यांनी विचारलं की या गृहस्थांना आणखी कोणाची मदत आहे का ते कोणी पाहिलं आहे का. नगरपालिकेच्या नोंदीत नाही, असं उत्तर मिळालं. हे उत्तर अगदी खरं होतं. समितीने समाधान व्यक्त केलं, अहवालाची नोंद घेतली आणि पुढच्या वर्षी आणखी दोनशे घरांतल्या भेटी मापात आणायला हरकत नसल्याचं कळवलं.

गावाच्या फुकट साप्ताहिकात ते छापून आलं. भाचीने ते रविवारी आणलं आणि सोमवारी अर्नेस्टने चष्मा लावून ते ग्लेंडाला वाचून दाखवलं. सहा वीस झाले होते. तो स्वयंपाकघरात टेबलाशी बसला होता, अंडं अजून उकळत होतं.

"हा ब म्हणजे मीच ना गं?"

"दुसरा कोण असणार?"

"बघ. उदाहरण म्हणून दिलंय मला." त्याने कात्री मागितली आणि चौकट कापायला घेतली. त्याला मदत नको होती. "तू गेलीस आणि बोललीस म्हणून झालं हे. बोललं की ऐकतात."

ग्लेंडाच्या मनात आलं की आत्ता सांगावं. नगरपालिकेने काय ऐकलं, हे दुसऱ्यांदा फोन टेकवणं काय आहे, सगळं. पुढच्या दोनशे घरांत कोण कोण असेल तेही तिच्या डोळ्यांपुढे आलं. देखरेख समितीची पुढची बैठक सहा आठवड्यांनी होती आणि तिने मनाशी दुपारच्या रजेचा दिवस ठरवला. पण अर्नेस्टला ती काही बोलली नाही. सांगितलं असतं तर त्याने दुसऱ्याच दिवशी ही पंधरा मिनिटं नाकारली असती, आणि त्याला तिसऱ्या दिवशी कोणीतरी काखेत धरून उभा केला असता.

"मीठ घालू का?" तिने विचारलं.

"चिमूटभर."

तिने अंडं फोडून दिलं, पावाला लोणी लावलं आणि त्याच्या समोरची खुर्ची ओढून बसली. त्याचा घास कधी कधी घशात अडके, म्हणून खाणं होईपर्यंत कोणीतरी समोर लागे. बुधवार आणि शुक्रवार संध्याकाळी ती जे उचलायची, पुसायची, निजवायची, त्याची मजुरी यात गेली: एक अंडं, दोन पाव, आणि म्हाताऱ्याने शेवटचा घास गिळेपर्यंत समोर बसलेलं माणूस.